तागाचे कंपोझिट: आधी पाण्याचा हिशेब द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ताग, अंबाडी, घायपात, काथ्या, केळीचे खुंट यांच्या धाग्यांपासून ‘प्लास्टिकला पर्याय’, म्हणजे धागा आणि रेझिन मिळून होणारे कंपोझिट, तयार झाल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. वस्तू किती हलकी, किती मजबूत, किती ‘नैसर्गिक’ हे त्यात असते. धागा कोणत्या रेझिनमध्ये (धाग्यांना बांधून ठेवणाऱ्या प्लास्टिकमध्ये) बसवला, किती प्रमाणात बसवला आणि तयार तुकडा चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवल्यावर त्याचे काय झाले, हे मात्र नसते. हे कळल्याशिवाय त्या वस्तूविषयी बरेवाईट काहीच बोलता येत नाही. अशा बातम्या वाचून नव्याने या कामात उतरणारे लोक आधी धागा विकत घेऊन ठेवतात आणि रेझिनचा विचार मागाहून करतात, म्हणून हे पत्र जरा तपशिलात लिहीत आहोत.

हलकेपणाचा दावा खरा आहे. अशा मालात एरवी वापरल्या जाणाऱ्या काचेच्या धाग्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे २.५५ ग्रॅम, तर ताग आणि जवसाच्या धाग्याची १.४५ ते १.५ ग्रॅम. ताठपणाच्या, म्हणजे भार आला तरी न वाकण्याच्या, दाव्याकडे मात्र जपून पाहायला हवे. काचेचा ताठपणा ७० गिगापास्कलच्या आसपास असतो. चांगल्या जवसाच्या धाग्याचा ५० ते ६० भरतो, म्हणून वजनाच्या हिशेबात जवस काचेला मागे टाकतो. तागाचा १० ते ३० आणि काथ्याचा जेमतेम ४ ते ६. तेव्हा ‘नैसर्गिक धागा काचेपेक्षा सरस’ हे वाक्य जवसाबद्दल बोलताना चालेल, सरसकट नाही. काथ्याचा गुण निराळाच आहे: तो तुटण्याआधी १५ टक्क्यांहून जास्त ताणला जातो. त्यामुळे धक्का सोसायचा असेल तिथे तो घ्यावा, वाकू नये अशा फळीसाठी घेऊ नये.

टक्केवारीतही गफलत होते. पॉलिएस्टर रेझिनमध्ये वजनाने ३० टक्के ताग घातला, तर आकारमानाने तो २६ टक्के होतो. तेवढ्याच वजनाची काच घातली तर आकारमानाने १७ टक्केच भरते. ताकद आकारमानावर ठरते. दोन्हींपुढे ‘३० टक्के’ लिहून केलेली तुलना म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींची तुलना.

आता पाणी. दमट हवेत ताग स्वतःच्या वजनाच्या १२ ते १४ टक्के पाणी धरून बसतो आणि हाताला कोरडाच लागतो. बहुतेक बिघाडांचे मूळ इथे आहे. पॉलिप्रॉपिलीनमध्ये (तापवले की वितळणाऱ्या एका प्लास्टिकमध्ये) धागा मिसळायचा तर यंत्राचे तापमान १७० ते १९० अंश सेल्सियस ठेवावे लागते. १८० अंशांना एक ग्रॅम पाण्याची, साध्या हवेच्या दाबाला, सुमारे दोन लिटर वाफ होते. एक किलो मिश्रणात ३०० ग्रॅम धागा आणि त्यात १० टक्के ओल धरली, तर ३० ग्रॅम पाणी, म्हणजे साठ लिटर वाफ. ती यंत्राच्या वाफ जाण्याच्या वाटेने पुरती निघत नाही, उरलेली मालात फुगे होऊन बसते. पॉलिएस्टरमध्ये पाणी कोबाल्टचे (रेझिन घट्ट होण्याला वेग देणाऱ्या रसायनाचे) काम बिघडवते, रेझिन धाग्याभोवती कच्चे राहते आणि पृष्ठभाग दुसऱ्या दिवशीही चिकट लागतो. पॉलियुरेथेन असेल तर पाण्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि माल फेसाळतो. पीएलए या वनस्पतींपासून बनणाऱ्या प्लास्टिकचे तर रेणूच पाण्यामुळे तुटतात. त्याचे दाणे वितळवण्याआधी ओल ०.०२५ टक्क्यांच्या खाली आणतात. अशा दाण्यांत दमट धागा ओतणे म्हणजे आधीच्या वाळवण्यावर पाणी सोडणे.

ओल मोजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. १०० ग्रॅम धागा मोकळा करून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचा आणि तासातासाने वजन करायचे. लागोपाठची दोन वजने सारखी आली की थांबायचे. ८९ ग्रॅम उरले तर ११ ग्रॅम पाणी होते. कोरड्या धाग्याच्या हिशेबाने ते १२.४ टक्के होते. कोणत्या हिशेबाने आकडा दिला आहे हे लिहून ठेवले नाही तर पुढे वाद होतात. कामासाठी ८० अंशांना रात्रभर किंवा १०५ अंशांना चार ते सहा तास वाळवणे पुरते. घाईत १५० अंशांवर नेले की धागा पिवळट होऊन ठिसूळ पडतो. ओव्हनमधून काढलेला धागा टेबलावर उघडा ठेवून जेवायला जाणे ही सर्रास होणारी चूक. हवेतले पाणी तो लगेच ओढू लागतो. म्हणून गरम असतानाच जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा आणि लागेल तेवढाच बाहेर काढावा.

धागा कुठून आला हेही पाहिले पाहिजे. ताग, अंबाडीचे सोट पाण्यात कुजवून धागा सोडवतात. कमी कुजवले तर सालीचे तुकडे आणि डिंकासारखे पेक्टिन धाग्यांना चिकटून राहते आणि रेझिन जुडीच्या आत शिरत नाही. जास्त कुजवले तर धागा मऊ, रेशमी दिसतो, पण ओढला की तुटतो. त्यातून एकाच गठ्ठ्यातल्या सुट्या धाग्यांची ताकद ४०० मेगापास्कलपासून ८०० मेगापास्कलपर्यंत कमीजास्त असते. एकाच गठ्ठ्यावर भरवसा न ठेवता चारपाच गठ्ठे मिसळून घेणे बरे. पोत्याचे तयार कापड वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. सूत काततानाच तागाला तेलाचा हात दिलेला असतो, तेलाशिवाय तो नीट कातला जात नाही. तेलकट धाग्याला रेझिन धरत नाही. २ टक्के डिटर्जंटच्या ६०-७० अंश गरम पाण्यात तासभर ठेवून, खळखळून धुऊन, मगच ते कापड वाळवायला घ्यावे. शिवाय पोत्याच्या सुताला पीळ घट्ट असतो आणि पिळाच्या आत रेझिन पोचत नाही. कमी पिळाचे सूत किंवा सुट्या धाग्याची मॅट (न विणलेला थर) मिळत असेल तर तीच घ्यावी.

यानंतर येते कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया. तिच्याविषयी कौतुकाने बोलले जाते, हिशेबाने फारसे नाही. ५ टक्क्यांच्या द्रावणात धागा साध्या तापमानाला एक ते चार तास ठेवतात. मेण आणि धाग्याला बांधून ठेवणाऱ्या घटकांपैकी हेमिसेल्युलोज व थोडे लिग्निन निघून जाते, द्रावण तपकिरी होते, धाग्याचा पृष्ठभाग खरखरीत होऊन रेझिनला पकड मिळते. नंतर पाण्याने धुऊन, १ टक्का ॲसिटिक ॲसिडचा हात देऊन, पुन्हा धुऊन वाळवतात. धुण्याचे पाणी लिटमसला उदासीन दाखवेपर्यंत धुणे थांबवायचे नाही. कॉस्टिक आत राहिले तर ते पुढे पॉलिएस्टरलाच खाते. द्रावण करताना सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचे नाही. हातमोजे आणि चष्मा हवेतच.

इथपर्यंत ठीक. पण नेहमीप्रमाणे धाग्याच्या वीसपट द्रावण घेतले, तर एक किलो तागासाठी वीस लिटर पाणी आणि एक किलो कॉस्टिक सोडा लागतो. किलोला किलो! ते सगळे उदासीन करायला दीड किलो ॲसिटिक ॲसिड, आणि दरवेळी धुवायला पुन्हा तितकेच पाणी. एवढे तपकिरी, क्षारयुक्त पाणी ओढ्यात सोडून वस्तूवर हिरवे पान छापणे हा दांभिकपणा आहे. प्रयोगशाळेच्या निबंधात हा खर्च दिसत नाही, कारण तिथे धागा मूठभर असतो. मोठ्या प्रमाणावर काम करणाऱ्याने दहापट द्रावण आणि २ टक्के तीव्रता घेऊन पाहावी. तेव्हा किलोमागे २०० ग्रॅम सोडा लागतो. तेच द्रावण गाळून, तीव्रता मोजून, कमी पडेल तेवढा सोडा घालून पुन्हा वापरता येते. मिळणारी पकड थोडी कमी असेल, पण आतल्या बाजूच्या पॅनेलला बहुधा ती पुरते. आणि पॉलिप्रॉपिलीनच्या मालात कॉस्टिकच्या फंदात न पडता मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन ३ ते ५ टक्के घालावे. ते एका टोकाने धाग्याला आणि दुसऱ्या टोकाने प्लास्टिकला धरते, आणि सांडपाण्याचा प्रश्नच उरत नाही.

ज्यांना हाताने करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी एका नमुना पत्र्याचा हिशेब देतो. ३० सेंटिमीटर लांबरुंद, ३ मिलिमीटर जाड पत्रा म्हणजे २७० घन सेंटिमीटर. चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणाऱ्या तागाच्या कापडाचा एक थर २७ ग्रॅमचा. असे चार थर घेतले की १०८ ग्रॅम धागा, म्हणजे ७४ घन सेंटिमीटर, म्हणजे आकारमानाने २७ टक्के. उरलेल्या १९६ घन सेंटिमीटरसाठी २३५ ग्रॅम पॉलिएस्टर. ब्रशला, भांड्याला आणि कडांना जाणारे धरून २८० ग्रॅम घ्यावे. त्याला १ टक्का, म्हणजे २.८ ग्रॅम एमईकेपी कॅटॅलिस्ट (रेझिन घट्ट करणारे रसायन). रेझिनमध्ये कोबाल्ट आधीच घातलेले नसेल तर ते आधी घालून पूर्ण ढवळावे आणि मग कॅटॅलिस्ट घालावे. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, भडका उडतो, स्फोटही होतो. दोन्हींच्या बाटल्या वेगवेगळ्या फळीवर ठेवाव्यात आणि काम खेळत्या हवेत करावे, कारण रेझिनमधून उडणाऱ्या स्टायरिनचा वास नुसता वास नसतो, ती वाफ अपायकारक असते.

साच्याला मेण लावून पुसून घ्यावे. आधी रेझिनचा थर, त्यावर कापड, असे करत जावे. कोरडे कापड अंथरून वरून रेझिन ओतले तर हवा खालीच अडकते. काचेची मॅट क्षणात भिजून पारदर्शक होते, तागाचे तसे नाही. त्याला वेळ द्यावा लागतो. रेझिनखाली कापडाचा रंग फिक्या पिवळ्यावरून गडद मधासारखा होईपर्यंत पुढचा थर घालू नये. त्यामुळे रेझिन घट्ट व्हायला अर्धा-पाऊण तास मिळेल असा बेत हवा. लवकर उरकावे म्हणून कॅटॅलिस्ट वाढवले की रेझिन आतून तापते, ताग उष्णता बाहेर जाऊ देत नाही, धाग्यात राहिलेल्या ओलीची वाफ होते आणि पत्र्याच्या मध्यभागी पांढरे फोड येतात. ते पाहून रेझिनला दोष दिला जातो. रोलर मधून कडेकडे फिरवावा. मग वरचा साचा ठेवून, चारी बाजूंना ३ मिलिमीटरच्या पट्ट्या लावून दाब द्यावा. पट्ट्या नसतील तर दाबाखाली रेझिन बाहेर जाते आणि कापड कोरडे पडते. चोवीस तासांनी काढून ८० अंशांना दोनतीन तास भाजावे.

आता पत्र्याचे वजन करावे. मापे बरोबर असतील तर तो ३४३ ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. ३२५ भरला तर सुमारे ५ टक्के जागा हवेने व्यापली आहे, आणि त्या हवेच्या जागी उद्या पाणी असेल. नंतर करवतीने कापलेली कड भिंगाखाली धरावी. नीट भिजलेल्या सुताचा छेद गडद आणि एकजीव दिसतो. आतपर्यंत रेझिन न पोचलेल्या सुताच्या मध्यभागी गवताच्या रंगाचा फिका, भुसभुशीत ठिपका दिसतो आणि सुईचे टोक त्यात रुतते. तुकडा मोडून पाहिला तर तुटल्या जागी लांब, स्वच्छ धागे उपसून आलेले दिसतात का ते पाहावे. तसे दिसले तर पकड कमी आहे. धागे पृष्ठभागालगतच तुटले असतील आणि त्यांना रेझिनचे कण चिकटलेले असतील तर पकड चांगली. पण पकड अतिघट्ट झाली की पत्रा काचेसारखा तडकतो, हेही ध्यानात असू द्यावे. आतल्या पॅनेलला थोडी उपसणी असलेली परवडते.

पाण्याची चाचणी करताना तुकडा आधी ५० अंशांना चोवीस तास वाळवून वजन आणि जाडी लिहून घ्यावी. मग चोवीस तास पाण्यात बुडवून, फडक्याने टिपून, पुन्हा दोन्ही मोजावे. एकाच पत्र्याचे दोन तुकडे घ्यावेत, एकाच्या कडा रेझिनने बंद केलेल्या, दुसऱ्याच्या कापल्या तशाच. या दोन आकड्यांतला फरक पाहिला की वस्तूवर भोके कुठे पाडायची नाहीत हे वेगळे सांगावे लागत नाही. पाणी पत्र्याच्या तोंडावरून फारसे शिरत नाही, ते कापलेल्या धाग्यांच्या पोकळीतून आडवे आत जाते. धागा फुगतो, रेझिन फुगत नाही, दोघांमधली पकड सुटते आणि धाग्याच्या रेषेत पांढुरक्या चिरा दिसू लागतात. वाळल्यावर जाडी बरीचशी परत येते, चिरा मात्र मिटत नाहीत. म्हणूनच कापणे आणि भोके पाडणे झाले की त्याच दिवशी कडांना रेझिनचा हात द्यायला हवा. आठवड्याने दिलेला हात आतली ओल आत कोंडतो.

यावरून कुठे वापरावे आणि कुठे नाही हे बहुतांशी ठरते. मोटारीच्या दाराची आतली पॅनेले, फर्निचरचे तक्ते, आडभिंती, स्पीकरची खोकी, सामान ठेवायचे ट्रे ही योग्य जागा. कंपने शोषण्यात हा माल काचेच्या मालापेक्षा चांगला आहे, स्पीकरवाल्यांना ते आवडेल. पाण्याची टाकी, होडीचा तळ, दाबाचा पाइप, बाहेरची शिडी यांसाठी तो नको, कितीही लेप लावले तरी. उन्हात लिग्निन पिवळे पडून पृष्ठभाग खडबडीत होतो, आणि धाग्याची ओल २० टक्क्यांवर गेली की बुरशीला आमंत्रणच. आगीचे म्हणाल तर धाग्यातले सेल्युलोज जळणारच. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड किंवा अमोनियम पॉलिफॉस्फेट यांची आगरोधक पूड घालून जळण्याचा वेग कमी करता येतो, पण जितकी पूड जास्त तितके रेझिन घट्ट आणि धागा भिजायला कठीण.

तापमानाचीही मर्यादा आहे. २०० अंशांच्या पुढे हेमिसेल्युलोज विघटित होऊ लागते, माल करपट होतो आणि जळक्या लाकडाचा वास मारतो. २२० अंशांना वितळणाऱ्या नायलॉन-६ मध्ये ताग घालून पाहण्याची हौस म्हणून महागात पडते. प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या स्क्रूच्या यंत्रात धागा पहिल्याच तोंडातून टाकला तर प्लास्टिक वितळण्याआधीच घासून त्याचा भुगा होतो, आणि भुगा नुसती जागा भरतो, ताकद देत नाही. धागा पुढच्या तोंडातून, प्लास्टिक वितळल्यावर घालावा.

शेवटी ‘पूर्णपणे विघटनशील’ या शब्दप्रयोगाविषयी. धागा कुजतो. पॉलिएस्टर आणि इपॉक्सी कुजत नाहीत, वितळतही नाहीत. ताग आणि पॉलिएस्टरच्या पत्र्यात वजनाने दोनतृतीयांश भाग पेट्रोलियमपासूनचा असतो, मग वरून तो कितीही मातकट दिसो. पूर्व जर्मनीत १९५७ ते १९९१ या काळात बनलेल्या ट्रबांट मोटारीचे बाह्य पत्रे फिनॉलिक रेझिन आणि कापसाच्या टाकाऊ धाग्यांचे होते. अशा सुमारे तीस लाख गाड्या निघाल्या. पत्रे गंजले नाहीत, आणि नेमक्या त्याच गुणामुळे गाड्या मोडीत निघाल्यावर त्यांचे करायचे काय हा प्रश्न उभा राहिला. पॉलिप्रॉपिलीनचा माल भरडून पुन्हा वितळवता येतो, प्रत्येक फेरीत धागा आखूड होतो इतकेच. पीएलए कुजते, पण त्याला ५५-६० अंशांचा, ओल राखलेला कारखानी कंपोस्ट ढीग लागतो. परसातल्या खड्ड्यात ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहू शकते. थर्मोसेट, म्हणजे एकदा घट्ट झाल्यावर न वितळणाऱ्या, मालाचे कापलेले तुकडे जाळून उष्णता तरी मिळवता येते, काचेच्या मालाची मात्र बरीच राख उरते. तागाच्या बाजूने हा मुद्दा खराच आहे. फक्त ते जाळायचे ते नियंत्रित भट्टीत, शेकोटीत नव्हे. आणि वस्तूच्या पाठीवर रेझिनचे नाव ठसवलेले असेल तरच भंगारवाल्याला ती कोणत्या ढिगात टाकायची हे कळेल. सध्या बहुतेक वस्तूंवर ठसा असतो तो पानाफुलांचा.

आपले,
नैसर्गिक धाग्यांच्या कंपोझिटवर काम करणारे काही तंत्रज्ञ